गाडी मला ओळखत नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज गाडी घरी आणली. माझी गाडी, असं लिहायला हात अजून बिचकतो.

ज्यांच्याकडून घेतली त्या डॉक्टरीणबाईंनी ती कापडाखाली झाकून ठेवली होती, त्यामुळे जुनी असूनही रंग छान आहे. पुढच्या बंपरला एक खोक आहे, ती त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली. "ही मीच पाडलीय, फाटकावर. तेव्हापासून चालवणं सोडलं," म्हणाल्या. किल्ली एकच मिळाली. दुसरी घर बदलताना कुठे गेली ते त्यांनाही ठाऊक नाही. एकीवर भागेल, असं मी म्हटलं. मला गाडी घरी न्यायची घाई झाली होती.

इतकी वर्षं शाळेची व्हॅन चालवली. यंदा शाळेने मोठ्या बस घेतल्या, व्हॅन मोडीत गेली, आणि मला विचारलं की बसवर मदतनीस म्हणून येता का, मुलांना चढवायला-उतरवायला. विचार करून सांगते म्हटलं, आणि विचार करता करता वेगळंच सुचलं. बायकांना गाडी शिकवायची. एक गाडी, एक शिक्षिका. नवरा म्हणाला, "जमेल तुला." तो चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना "आता दिसतंय ना नीट?" असं विचारून विचारून त्याचा घरातला आवाजही तसाच झालाय, समजूत घातल्यासारखा.

सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाल्या, "गाडी काय शिकवायची असते? बसायचं आणि चालवायची." मग आणखी अर्धी फेरी मारली, पेट्रोल कुठल्या बाजूने घालतात ते विचारलं, "हं" म्हणाल्या आणि वर गेल्या. जिन्यात नव्याचे नऊ दिवस असं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक लागतो. नाहीतर शिकणारीचा पाय चुकला की आपण फक्त ओरडायचं. ते आज बसवून घेतले. मिस्त्री दिवसभर गाडीखाली होता. स्टिअरिंगच्या खालचं प्लॅस्टिकचं कव्हरही त्याने काढलं होतं, परत बसवताना एक स्क्रू सापडेना. दोघांनी गुडघ्यावर बसून शोधला. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या वहिनी. एखादा स्क्रू ढिला असला तरी माणसं चालतातच की. ही तर गाडी आहे."

मला हसू आलं, म्हणून मी सोडून दिलं. माणूस गुणी आहे. काम करताना शीळ घालतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पहिली विद्यार्थिनी आली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. चणीने लहान, सीट पार पुढे ओढावी लागली, पण हात स्थिर. टोचताना थरथरत नाहीत म्हणजे गिअर टाकतानाही थरथरणार नाहीत, असं मी मनात म्हटलं आणि ते खरं निघालं. मैदानाला दोन चकरा मारल्या. गाडी तीनदा बंद पडली, पण ती त्यांच्या क्लचमुळे. दर वेळी त्या गाडीला "सॉरी" म्हणाल्या.

निघताना मी विचारलं, माझ्याबद्दल कोणाकडून कळलं? तर म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई रक्तदाब तपासायला येतात ना. सगळ्या रांगेला सांगत होत्या, आमच्या सुनेचं डोकं फिरलंय, घरी बसलेल्या बायकांना गाडी शिकवणार म्हणते, सकाळी सातपासून, मैदानाजवळ, पिवळ्या इमारतीच्या खाली."

ऐकून कान गरम झाले. घरातलं घरात ठेवावं एवढंही यांना कळू नये. दवाखान्यात जाऊन सुनेची अब्रू काढायची. रात्री जेवताना मी ताटाकडेच बघत होते. त्यांनी मात्र विचारलं, "आली होती का कोणी?" मी "हो" म्हटलं. "हं," म्हणाल्या, आणि भात वाढून घेतला.

रविवार, १२ ऑक्टोबर

गाडी चालू होत नाही.

नाही, चुकीचं लिहिलं. होते आणि मरते. किल्ली फिरवली की इंजिन पकडतं, दोन श्वास घेतं आणि गप्प. काट्यांच्या शेजारी किल्लीच्या चित्राचा एक लाल दिवा आहे, तो एरवी लागून विझतो. आज तो टकटक उघडमीट करत राहिला, कोणी डोळा मारावा तसा. पेट्रोल आहे. हॉर्न वाजतो. सगळं आहे आणि गाडी नाही.

काल दुपारी मी व नवरा बाहेर गेलो होतो, गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. तरी आज बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढेच राहिली होती, नर्सबाईंच्या मापाची. मी मागे केली होती असं वाटत होतं, पण नसेल केली. हल्ली डोकं ठिकाणावर नाही. किल्लीसुद्धा दाराजवळच्या खिळ्याला लावते ती आज सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीशेजारी सापडली.

गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला फोन केला. "येतोच," म्हणाला. संध्याकाळपर्यंत आला नाही. परत फोन केला. "येतोच." मिस्त्री सांगत होता की त्याचं खरं नाव आता कोणालाच आठवत नाही, सगळे त्याला येतोच म्हणूनच ओळखतात.

सोमवार, १३ ऑक्टोबर

येतोच आला. कंबर धरलेली आहे, त्यामुळे तो वाकत नाही. दार उघडून, एक हात छपरावर ठेवून, सगळं वरूनच बघतो. अगदी उंटावरून शेळ्या हाकणं. पण माणूस समजावून चांगलं सांगतो.

म्हणाला, या गाडीत चोरीपासून बचावाची जुनी व्यवस्था आहे. किल्लीच्या डोक्यात तांदळाएवढी एक चिप असते. कुलपाभोवती एक कडं असतं. किल्ली आत गेली की ते कडं तिला विचारतं, तू कोण? चिप आपला आकडा सांगते. कडं तो आतल्या कॉम्प्युटरला कळवतं. पटला तर इंजिन चालू राहतं, नाही पटला तर तो दोन सेकंदांत पेट्रोल तोडतो.

"म्हणजे ती मला ओळखत नाहीये," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही हो ताई, किल्लीला."

सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं एका घरात राहून हिला ओळखत नाही. गाडीला जेमतेम आठवडा झालाय."

येतोचने बॅटरीची टोकं घासली, वायर काढून थोड्या वेळाने परत लावली, किल्ली शर्टाला पुसली. तिसऱ्या खेपेला गाडी चालू झाली आणि चालू राहिली. तो दिवा शहाण्यासारखा विझला. बॅटरीच होती, असं म्हणून तो गेला. जीव भांड्यात पडला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

बॅटरी नव्हती. काल सकाळी नर्सबाईंचा धडा छान झाला, दुपारी मी सासूबाईंसाठी आणि माझ्यासाठी जेवण केलं, थोडी पडले, आणि पाच वाजता खाली गेले तर परत तेच. दोन श्वास आणि गप्प.

आज एकामागून एक दोन फोन आले. पहिला परवाना कार्यालयातून, गाडी शिकवायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता त्याचा. तपासणी अधिकारी पुढच्या गुरुवारी येणार, गाडी चालवून बघणार. दुसरा शाळेतून. बसवरच्या जागेचं रविवारपर्यंत कळवा, दुसरी एकजण विचारतेय.

मी गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली नाही. नुसती बसले. आतमध्ये खोबरेल तेलाचा वास येत होता. डॉक्टरीणबाईंचाच असेल, जुन्या गाड्या माणसांचे वास धरून बसतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दुसरी विद्यार्थिनी. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, मीही म्हणते. त्यांनाही सासूबाईंनीच वाचनालयात सांगितलं म्हणे. "सून हट्टी आहे, एकदा डोक्यात घेतलं की शिकवल्याशिवाय सोडत नाही, असं म्हणाल्या," मोठ्या बाई हसत म्हणाल्या. मी पण हसले, आतून जळत. आता वाचनालयातसुद्धा.

त्यांना सांगितलं की आज गाडी चालणार नाही, माफ करा. त्यावर त्या म्हणाल्या, "पोहायला शिकवताना आधी काठावर हात मारायला लावतात ना? मग शिकवा." आणि बसल्या.

तर आज उभ्या गाडीत धडा घेतला, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. आरसे लावायला शिकवलं. डोळे मिटून गिअर टाकायला लावले, कारण रस्त्यावर खाली बघता येत नाही. क्लच कुठे पकडतो ते इंजिन बंद असताना कळत नाही, मग मी तोंडाने इंजिनचा आवाज काढला आणि त्यांचा पाय वर येईल तसा आवाज खोल केला. मोठ्या बाईंनी क्लच झटकन सोडला की मी आचका देऊन गप्प व्हायचे. तीन-चार खेपांत त्यांचा पाय मऊ झाला. व्हॅन चालवताना हे सगळं मी करायचे, पण ते मला येतं हे आज कळलं.

सासूबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. "वर उकडतंय, इथे सावली आहे," म्हणाल्या. मी समजले, उद्याच्या रांगेला सांगायला माल गोळा करायला आल्या आहेत. मध्येच विचारतात, "अर्धा क्लच म्हणजे नक्की किती?" मी म्हटलं, आई, तुम्हाला काय करायचंय. "काही नाही, कानावर पडलं म्हणून," म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मात्र मास्तरकीच्या सवयीने त्यांना सगळं नीट समजावलं, पायाखाली लिंबू आहे असं समजा आणि ते फुटू देऊ नका, वगैरे. सासूबाईंनी खालच्या खाली चप्पल काढलेली मी मागे वळले तेव्हा पाहिली. पाय दुखत असतील.

शनिवार, १८ ऑक्टोबर

येतोच आज पुन्हा आला. या खेपेला त्याच्याकडे पाटीसारखं एक यंत्र होतं, ते गाडीला जोडलं. यंत्र म्हणालं, किल्ली ओळखता आली नाही. हे मला यंत्राशिवाय माहीत होतं.

मग त्याने निकाल दिला. आतला कॉम्प्युटरच गेला. तो आणि नवी किल्ली जोडीनेच मागवावे लागतील, जुन्या गाडीचे मिळतात की नाही ते बघावं लागेल, गुरुवारपर्यंत शक्य नाही. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहिणार नाही. दुष्काळात तेरावा महिना.

तो गेल्यावर शाळेला निरोप लिहिला. "मी बसवर यायला तयार आहे." लिहून फोन पालथा ठेवला. पाठवला नाही. लाज वाटली, आणि लाज कोणाची ते कळेना. बस काही वाईट नाही. मुलं ओळखीची आहेत, पगार महिन्याच्या महिन्याला, आणि दर सकाळी खाली जाऊन एका दिव्याकडे प्राण कंठाशी आणून बघावं लागणार नाही.

नवऱ्याला दाखवला निरोप. त्याने चष्मा काढला, वाचला, परत घातला.

"पाठव की," म्हणाला. "पण उद्या सकाळी नर्सबाई येणार आहेत. त्यांना काय सांगशील?"

"सांगेन, गाडी बिघडलीय."

"गाडी तर मंगळवारपासून बिघडलेली आहे. तरी येतायत त्या."

त्याच्याशी भांडताही येत नाही, आवाज चढवतच नाही तो. उद्याचा धडा घेऊन मग पाठवीन.

रविवार, १९ ऑक्टोबर

सापडलं.

नर्सबाईंनी सीट पुढे ओढली, उभ्या गाडीत क्लच दाबायला लागल्या, आणि दोन-तीनदा पाय मध्येच थांबला. मी म्हटलं, घाबरू नका, बंद आहे गाडी. त्या म्हणाल्या, "घाबरत नाही ताई. गुडघ्याला काहीतरी टोचतंय."

मी खाली वाकून बघितलं. मिस्त्रीने परत लावलेलं ते प्लॅस्टिकचं कव्हर एका अंगाला लोंबत होतं. नर्सबाईंनी खिशातली छोटी बॅटरी काढली, घसा तपासायची, आणि आम्ही दोघींनी डोकं आत घातलं. कुलपाभोवती काळं कडं होतं, येतोच म्हणाला तसंच. त्याच्यातून बारीक वायर निघते, तिच्या टोकाला पांढरा प्लग. तो अर्धा निघून आला होता. कव्हर हललं की ती वायर ओढली जात होती. नर्सबाई म्हणाल्या, "सलाइनची सुई अशीच निघते, रुग्ण हलला की. दिसते जागेवर, पण आत काही जात नसतं."

मी प्लग दाबला. टक असा आवाज आला. किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला, आणि इंजिन चालू राहिलं. आम्ही तशाच बसून राहिलो, ऐकत. बंद केली, परत चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कितीदा ते मोजलं नाही. नर्सबाई मैदानाला चार चकरा मारून गेल्या, एकदाही सॉरी म्हणावं लागलं नाही.

तो शाळेचा निरोप पुसला आणि दुसरा पाठवला: माझी वाट बघू नका, ती जागा त्यांना द्या.

पण कॉम्प्युटर गेला म्हणून माझी एक अख्खी रात्र गेली, ती कोणामुळे? एका स्क्रूमुळे. शोधायचा कंटाळा केला, वर विनोद केला. उद्या सकाळीच गॅरेजला जाते आणि त्या मिस्त्रीला चारचौघांत असा धुते की शीळ विसरेल.

सोमवार, २० ऑक्टोबर

आज घडलं ते सविस्तर लिहायला हवं.

सकाळी मी तोफ भरून निघाले. चपला घालत असताना सासूबाई म्हणाल्या, "कुठे चाललीस?"

"मिस्त्रीकडे. त्याला सोडत नाही आज. गुरुवारी अधिकाऱ्यासमोर गाडी बंद पडली असती म्हणजे?"

"उद्या जा."

"उद्या कशाला? आजच जाते."

"अगं, थांब. आधी बस."

त्या कधी मला बस म्हणत नाहीत. मी बसले, एक चप्पल पायात घेऊन.

"त्याला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "स्क्रू त्याच्याकडून राहिला, ते खरं. पण कव्हर पाडलं माझ्या गुडघ्याने."

मला काही कळेना. मी म्हटलं, तुमचा गुडघा तिथे कसा गेला?

"दुपारी तू पडतेस तेव्हा मी खाली जाते. सीट पुढे घेते, त्याशिवाय पाय पोचत नाहीत. किल्ली घालते, पण दिवे लागतात तेवढीच फिरवते, पुढे नाही. क्लच दाबते, गिअर टाकते. पहिला, दुसरा. तिसरा मला अजून सापडत नाही. पाय वर घेताना गुडघा लागायचा. मला वाटायचं, तशीच असते गाडी."

सीट, किल्ली, चष्म्याची डबी, तो तेलाचा वास. सगळं नाकासमोर होतं, आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

राग आला हे कबूल करते. मी म्हटलं, "आई, मला सांगायचं होतं. मी त्या बसच्या नोकरीला हो म्हणणार होते. निरोप लिहून ठेवला होता."

"ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला. "वायरीचं पण माहीत नव्हतं. काल नर्सबाई जिन्यात सांगून गेली तेव्हा कळलं. रात्रभर झोप नाही मला."

"पण चोरून कशाला? विचारलं असतं तर मी शिकवलं नसतं का?"

"या वयात सुनेला विचारू, मला गाडी शिकव म्हणून? तू हसली असतीस."

हसले असते. लिहिताना खोटं कशाला लिहू.

मग त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "तुझे सासरे सायकलवर मागे बसवायचे. मग मुलाने स्कूटर घेतली, तिच्यावर मागे. तुझ्या व्हॅनमधून एकदा लग्नाला गेलो, तेव्हाही मागेच, मुलांच्या त्या बाकड्यावर. समोर कायम कोणाची तरी पाठ. मला बघायचं होतं, पुढून कसं दिसतं ते. भिंतच दिसते म्हणा तिथून, गाडी उभी असते ना. पण तरी."

मी दुसरीही चप्पल घातली आणि म्हटलं, "चला."

"कुठे?"

"मिस्त्रीकडे. स्क्रू बसवून घ्यायचाय. आणि त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

त्या साडी बदलून आल्या. गाडीत मागचं दार उघडायला हात गेला त्यांचा, सवयीने. मी पुढचं उघडून धरलं.

मिस्त्रीला सगळं ऐकून घाम फुटला. म्हणाला, "स्क्रू माझाच हो, आजी. तो असता तर तुमच्या गुडघ्याने काय होणार होतं." सासूबाई म्हणाल्या, "गुडघा नसता तर स्क्रूवाचून काय अडलं होतं." दोघंही ऐकेनात, प्रत्येकाला चूक आपल्याकडेच हवी. शेवटी मी म्हटलं, निम्मी-निम्मी घ्या आणि काम उरका. त्याने नवा स्क्रू लावला, प्लगला पट्टी बांधली, वायर आतून वळवून घेतली. हात लावून ओढून दाखवली. परत येईपर्यंत सासूबाई नुसतं समोर बघत होत्या.

नवऱ्याला रात्री सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाला, "तरीच. आई परवा दुकानात येऊन लांबचा नंबर तपासून गेली. म्हटलं, हिला लांबचं काय बघायचंय."

गुरुवार, २३ ऑक्टोबर

तपासणी झाली. अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. गाडी चालू करा म्हणाला. केली. बंद करा. केली. परत चालू करा. केली. तो दर वेळी कागदावर काहीतरी लिहायचा आणि मी तेवढ्या वेळात श्वास घ्यायचे. मग मला म्हणाला, मला विद्यार्थी समजा आणि शिकवा. मी त्याला आरशांपासून सुरुवात करायला लावली. त्याचा डावा आरसा आकाश दाखवत होता. "मी रोज असाच चालवतो," म्हणाला बिचारा, आणि शिंकला.

परवाना मिळाला. संध्याकाळी येतोचचा फोन, तो कॉम्प्युटर मागवू का म्हणून. मी त्याला पांढऱ्या प्लगचं सांगितलं. जराशाने म्हणाला, "वाकायला हवं होतं." मी म्हटलं, दुसरी किल्ली करायची आहे, ते काम तुमचंच. एका किल्लीवर राहायची हिंमत आता नाही. "येतोच," म्हणाला.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी दोन नव्या बायका चौकशीला येऊन गेल्या. एक दवाखान्याच्या रांगेतली, एक भाजीच्या दुकानातली. दोघींनाही सासूबाईंनीच काहीबाही सांगितलेलं. मी आज त्यांना सरळ म्हटलं, आई, झालं गेलं ते जाऊ दे, पण गावभर माझी निंदा करणं आता पुरे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बरं," म्हणाल्या. "नाही करत. पण महिनाअखेरपर्यंत करू दे."

काही बायकांची खोड जात नाही, हे मी आता मान्य केलंय.

दुपारी मैदान रिकामं असतं. त्यांना घेऊन गेले. सीट पुढे, पाठीला उशी, चप्पल काढून. किल्ली त्यांनीच फिरवली, आणि दिव्याच्या पलीकडे पहिल्यांदाच फिरवली. इंजिन लागलं तेव्हा दचकून हात काढला. "ही हलते आतून," म्हणाल्या. हलतेच, मी म्हटलं.

क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाली ते मलाही कळलं नाही. मोठ्या बाईंचं लिंबू कामाला आलं. पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आम्ही मैदानाच्या कडेकडेने गेलो. मी सांगत होते, डावीकडे थोडं, आता सरळ, लांब बघा, बॉनेटकडे नको. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, गरम भांडं उतरवताना धरतात तसं. एक कुत्रा आडवा आला, तर त्याला हॉर्न न देता थांबल्या आणि त्याला जाऊ दिलं. मग परत निघाल्या, आपल्या आपण, मी काही सांगायच्या आत.

फेरी पूर्ण झाल्यावर म्हटलं, बास, पहिल्या दिवशी एवढं पुरे.

"तुला घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बस की."

आणि आम्ही आणखी एक फेरी मारली. तिच्यात दुसरा गिअरही पडला. पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, समोर बघा.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या वेळापत्रकात आपली वेळ मागितली. फी किती ते विचारलं. मी म्हटलं, घरच्या माणसाकडून घेत नाही. तर चिडल्या. फुकटचं अंगी लागत नाही म्हणे, आणि फी दिली की शिक्षिकेला बोलता येतं, तू नीट शिकवत नाहीस म्हणून. त्यांची फी लावून टाकली. परवाना काढायचा नाही म्हणतात, मैदानापुरतंच यायला हवंय. बघू, नंबर चांगला आहे असं नवरा सांगतो.

मंगळवारी नर्सबाईंच्या आधी त्यांचा तास. मागे घ्यायला शिकवायचं आहे. त्यांची मान वळत नाही, त्यामुळे सगळं आरशांवरच बसवावं लागेल. कसं ते अजून सुचलेलं नाही, उद्या दिवसभरात काढीन काहीतरी.